चालू राहिलेली हाक

जेवणं आटोपली आणि नेमकं तेव्हाच घरातलं नेट गेलं. पोरांचे चेहरे पडले. सुमेधाने राऊटर दोनदा बंद करून चालू केला, मग लॅपटॉप घेऊन गच्चीवर आली आणि पडद्यावरच्या काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करू लागली. तिचे मामा, भय्यासाहेब, खाटेवर पाय पसरून बसले होते. नोकरीतून मोकळे झाल्यापासून त्यांना दोनच कामं उरली होती, चहाला नावं ठेवणं आणि लवकर झोपणं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय करून राहिली?"

"पिंग करून राहिली, मामाजी. लाइन कब आती है, ते पाहते."

"चारदा करून थांबणार, का चालूच ठेवणार?"

"चालूच ठेवते ना. नेट आलं की दिसेल. तोवर खाली जाऊन येते."

"चालू ठेवून उठू नको," भय्यासाहेब म्हणाले. "आधी बंद कर. मग बस. काहून, ते सांगतो."

सुमेधा हसली, पण तिने खिडकी बंद केली. भय्यासाहेब भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यातले नव्हते. कोणी तसं काही काढलं तर ते उठून जायचे. त्यामुळे ते आपणहून सांगायला बसले म्हटल्यावर धाकटी पोरंही मोबाइल उलटे ठेवून जवळ सरकली.

भय्यासाहेबांच्या मते पिंग म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, हाक. इकडच्या मशीनने तिकडच्या मशीनला नंबर घेऊन हाक मारायची. तिकडचं जागं असेल तर ते ओ देतं. पडद्यावर ओळ उमटते, रिप्लाय, आणि पुढे वेळ लिहिलेला असतो, ओ यायला किती वेळ लागला तो. जवळ असेल तर ओ लगेच येते, लांब असेल, वाट बिकट असेल, तर उशिरा. आणि आलीच नाही तर दुसरी ओळ येते, टाइम्ड आउट. म्हणजे हाक वाया गेली. साधी पिंग चार हाका मारून गप्प बसते. पण नंबरापुढे एक शेपूट लावलं की ती थांबत नाही. माणूस येऊन थांबवीपर्यंत ती मारतच राहते. तिला कंटाळा नाही, आणि झोप तर नाहीच नाही.

"हे अंबादास काळमेघने मला समजावलं," भय्यासाहेब म्हणाले. "माझ्या हाताखाली होता. खोटं बोलायचं तर त्याला जमतच नव्हतं. रजा मागायलासुद्धा खरं कारण सांगायचा, आणि म्हणून ती मिळायची नाही."

तर हा अंबादास. रिछाईच्या एका कारखान्यात तो कॉम्प्युटरच्या लाइनी सांभाळायचा. वय चौपन्न, पण बघणाऱ्याला साठीचा वाटायचा. कारखान्याचं एक गोदाम कुंडमला, जंगलाच्या तोंडाशी. तिथवरची लाइन हवेतून, एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर. वारा सुटला की ती जायची. वीज चमकली की जायची. कधी काहीच झालं नाही तरी जायची. लाइन गेली की गोदामातला माल अडायचा, माल अडला की मालक अंबादासला उठवायचा आणि अंबादास बळीरामला.

बळीराम गोदामातच राहायचा. आठवड्यातून एकदा रांझीला घरी यायचा. फोन उचलला की तो हॅलो म्हणत नसे. सरळ "ओ" म्हणायचा, लहान पोराने आईला द्यावी तशी. मग कंदील नाहीतर टॉर्च घेऊन छतावर चढायचा, तिथला लाइनीचा डबा बंद करून चालू करायचा, तारा हलवून पाहायचा. इकडे अंबादास पिंग चालू ठेवून पडद्याकडे बघत बसायचा. ओ आली की दोघं झोपायला मोकळे. पाच वर्षं हे असंच चाललं. दोघांची झोप एकाच लाइनीवर टांगलेली होती. सख्ख्या भावांनी एकमेकांना इतक्या वेळा उठवलं नसेल, आणि उठवलं असतं तर बोलणं बंद झालं असतं.

आठ नोव्हेंबर २०१७ ला रात्री लाइन गेली. अंबादासने फोन केला. "ओ," बळीराम म्हणाला. "छातीत जरा भरून आलं आहे. पाहतो." अंबादासने नेहमीसारखी न थांबणारी पिंग लावली आणि बसला. टाइम्ड आउट. टाइम्ड आउट. ओ काही आली नाही. पहाटे गोदामातल्या हमालाचा फोन आला की भैया छतावर पडले आहेत, उठत नाहीत. अंबादासने पडदा बंद केला, खोलीला कडी घातली आणि मिळेल त्या गाडीने कुंडमला निघाला. डॉक्टर म्हणाले, हृदय. रात्रीच गेला असावा.

पुढचे दिवस धावपळीत गेले. मालकाने कुंडमचं गोदाम बंदच केलं, तसंही ते त्याला काढायचंच होतं. छतावरचा डबा उतरवून रिछाईला आणला आणि अंबादासच्या खोलीत कोपऱ्यात टाकला. अंबादासला दुसऱ्या कारखान्याच्या कामावर पाठवलं. दहाव्याला तो ग्वारीघाटला गेला होता. पिंड ठेवला, सगळे लांब सरकून बसले. कावळे होते, झाडावर बसून बघत होते, पण शिवेना एकही. बळीरामची बायको अंजनी हात जोडून एकेक बोलून पाहत होती. मुलीचं नीट करीन. घर विकणार नाही. तुमच्या आईचं श्राद्ध चुकवणार नाही. कावळा हलला नाही. दुपार कलली तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे मान खाली घालून उठले.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. अठरा नोव्हेंबर, शनिवार. शनि-अमावस्या.

"ती मी माझ्या पदरची घातलेली नाही," भय्यासाहेब मध्येच म्हणाले. "जुनं पंचांग काढून पाहा."

बळीरामची ट्रंक आणि कांबळं कुंडमहून आलं होतं. ते घरी पोचवायचं काम अंबादासने आपल्याकडे घेतलं. कामावरून सुटून, ट्रंक स्कूटरवर पायांशी ठेवून, तो रांझीला गेला. अंजनीने पाणी दिलं. घरात ती एकटीच होती, मुलगी पाहुण्यांना स्टेशनवर पोचवायला गेली होती, ती आत्याकडेच राहणार होती. अंबादासला बसायचं नव्हतं. दहा दिवस अंगात झोप साचली होती, पाठ मोडून आली होती. पण अंजनी म्हणाली, "बसा भाऊजी. घाई नाही ना?"

"नाही वहिनी. बोला."

तिचे डोळे अंबादासपेक्षा लाल होते. बराच वेळ ती दाराकडे बघत राहिली, मग एकदम म्हणाली, "तुम्ही त्यांचे दोस्त. तुम्हाला सांगते. ते जाऊन नाही राहिले."

"म्हणजे?"

"रात्री अंगणात येतात. आत नाही येत. नुसती ओ देतात."

दुःखात माणसाला आवाज ऐकू येतात, हे अंबादासने ऐकलं होतं. तो तसं काही समजुतीचं म्हणणार, तेवढ्यात अंजनीने हात वर केला.

"ऐका."

बाहेर गल्ली शांत होती. थंडीचे दिवस, लोक लवकर आत गेलेले. अंबादास ऐकत राहिला. आणि मग, फाटकापाशी कुठेतरी...

"ओ..."

हळू. दमलेली. अंबादासने पाच वर्षं फोनवर ऐकलेली.

थोडं थांबून पुन्हा...

"ओ..."

पुन्हा तेवढंच थांबून, पुन्हा. प्रत्येक वेळी मधलं अंतर तेवढंच. अंबादास उठून दारापर्यंत गेला. दाराची कडी त्याच्या हातात होती, पण हात पुढे जाईना.

"रात्रभर असंच," अंजनी म्हणाली. तिच्या आवाजात भीती राहिली नव्हती, भीतीच्या पलीकडचा शीण होता. "पहिल्या रात्री मला वाटलं, मला ओ देतात. मी म्हटलं, मी नाही बोलावलं तुम्हाला, झोपा आता सुखाने. पण ते थांबतच नाहीत. भाऊजी, त्यांना कोणीतरी हाक मारून राहिलं. एकसारखं. मेल्यावरही झोपू देऊन नाही राहिलं. कोण आहे तो मेला?"

अंबादासच्या हातातली कडी गार होती. तो कडीकडे बघत राहिला. आणि उभ्या उभ्या त्याला ती रात्र आठवली. फोन आला. तो उठला. पडदा बंद केला.

पडदा बंद केला होता. पिंग नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "मी पाहतो."

गच्चीखालच्या रस्त्यावरून एक ऑटो गेला, त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत भय्यासाहेब थांबले.

अंबादासने दार उघडलं तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. फाटकाबाहेर स्कूटर होती. तो रिछाईकडे निघाला. रस्ता रोजचा, पण त्या रात्री त्याला तो संपता संपेना. भीती वाटत होती का, असं भय्यासाहेबांनी त्याला पुढे विचारलं होतं. तो म्हणाला, भीती नंतर. आधी लाज वाटली. जिवंत होता तेव्हा ज्याला एक रात्र पुरती झोपू दिली नाही, त्याला आता सरणावरूनही आपणच उठवत होतो.

कारखान्याच्या फाटकावर चौकीदाराने ओळखलं. "अंबादासजी? इतनी रात को? लाइन गई क्या?"

"हो भैया. बंद करायची राहिली एक."

खोलीची कडी काढली. आत धूळ आणि कोंडलेली हवा. दिवा लावला. टेबलाखाली मशीन घुरघुरत होतं. कोपऱ्यात कुंडमचा डबा तसाच पडलेला, त्याची तार त्याच्याभोवती गुंडाळलेली, तिचं टोक मोकळं. ना वीज, ना लाइन. अंबादासने ते टोक हातात घेऊन पाहिलं, मग खाली ठेवलं.

खुर्चीवर बसला. पडदा चालू केला.

टाइम्ड आउट नव्हतं.

रिप्लाय. खाली पुन्हा रिप्लाय. त्याच्या खाली पुन्हा. कुंडमच्या डब्याचा नंबर, आणि पुढे वेळ. एरवी कुंडमची ओ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजली तर चार-पाच भागांत यायची. आता साडेतीन हजार भाग लागत होते. साडेतीन सेकंद. एक ओळ उमटायची... मग वाट पाहणं... मग दुसरी. अंजनीच्या अंगणात ऐकलेलं अंतर. तेवढंच.

बंद करायला दोन बटणं. कंट्रोल आणि सी. अंबादासने बोटं ठेवलीही. पण दाबवेना. तो म्हणाला, भय्यासाहेब, तोवर मी रडलो नव्हतो. घाटावर नाही, कुंडमला नाही. तिथे रडलो. तो होता ना तिथे. कुठे होता ते देव जाणे, पण ओ देत होता. ही दोन बटणं दाबली की संपलं. मग या जगात मला ओ देणारं दुसरं कोण होतं?

तो बसून राहिला. किती वेळ, त्यालाही सांगता आलं नाही.

मग ओळ आली, तीन हजार.

पुढची, अडीच हजार.

त्याने डोळे पुसले. पुन्हा पाहिलं. दोन हजार.

खिशातला फोन वाजला. अंजनी.

"भाऊजी... ओ थांबली."

"थांबली?"

"इथली थांबली. फाटक वाजलं. मी खिडकीतून पाहिलं, कोणी नव्हतं. पण पावलं... पावलं रस्त्याने गेली."

"कोणत्या?"



"तुम्ही गेलात त्या."

फोन ठेवला, का कटला, ते अंबादासला आठवत नाही. पडद्यावर पंधराशे. मग हजार. आठशे. ओळी आता लवकर लवकर येत होत्या. लांबचा जवळ येत होता. सहाशे. चौकीदाराच्या बाजूचं कुत्रं एकदा भुंकलं आणि मध्येच गप्प झालं. चारशे. दोनशे. अंबादासने कोपऱ्यातल्या डब्याकडे पाहिलं. त्याचा एकही दिवा लागलेला नव्हता.

नव्वद.

चाळीस.

खोलीत आवाज नव्हता. मशीनची घुरघुर सोडली तर काही नव्हतं.

नऊ.

चार... इतक्या वेळात कुंडमची ओ यायची. रोज यायची. इथे ती थांबली नाही.

दोन.

मग आकडा संपला. एकाहून कमी. मशीनला त्याच्या खाली मोजता येत नाही. समोरचा याच खोलीत असेल तर ते असं लिहितं.

अंबादासच्या मानेवर गारवा आला. खुर्चीच्या मागे... खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एका माणसाची जागा होती.

तो वळला नाही.

"बळीराम," तो म्हणाला.

...

"मी बोलावलं नाही रे. चालू राहिलं. चुकून."

...

"दमला असशील."

...

पडद्यावर ओळ. एकाहून कमी. पुन्हा ओळ. एकाहून कमी. मागे नुसतं कोणीतरी उभं असल्याचं जडपण होतं, रात्रपाळी करून आलेला माणूस दारात टेकून उभा राहतो तसं. अंबादास म्हणाला, त्या क्षणी भीती गेली. कीव आली. त्याची आणि माझीही. दोघांनाही कोणी कधी झोपू दिलं नव्हतं.

"पुरे आता," अंबादास म्हणाला. "मी बंद करतो. आता कोणी उठवणार नाही तुला. मालक नाही, मी नाही. झोप तू."

त्याने बोटं ठेवली. आणि निरोप द्यायचा म्हणून, दोन्ही बटणं दाबता दाबता, सवयीने, अगदी प्रेमाने बोलून गेला...

"बरं. ये मग."

भय्यासाहेब थांबले. सुमेधाला कळायला जरा वेळ लागला. मराठी तिच्या घरचीच, पण घरातल्या या रीती ती रोज पाळूनही कधी कानांनी ऐकत नव्हती.

"आपल्यात निघालेल्याला 'जा' म्हणत नाहीत," भय्यासाहेब म्हणाले. "तोंडातून निघतच नाही. पाहुणा असो, पोरगं असो, भांडून निघालेला जावई असो. 'ये' म्हणायचं. आईने शिकवलेलं असतं, आपण कुठे विचार करतो? हिंदीवाला असता तर 'जाओ भैया' म्हणून मोकळा झाला असता."

"फिर?" धाकट्याने विचारलं.

मग काही नाही. हाका थांबल्या. पडद्यावर हिशेब आला, पिंग थांबवली की येतो तसा, किती मारल्या, किती मिळाल्या, किती वाया गेल्या. त्याच्याखाली पुढच्या हुकमाची वाट पाहत एक रेघ उघडझाप करू लागली. मानेवरचा गारवा सरला. अंबादासने हळूच मागे पाहिलं. भिंत होती.

अंजनी त्या रात्री झोपली ती सकाळी ऊन दारात येईपर्यंत. पुन्हा तिच्या अंगणात ओ आली नाही, आजतागायत नाही. वर्षश्राद्धाला घाटावर पिंड ठेवला तर कावळ्याने लोक मागे सरकायचीही वाट पाहिली नाही. बळीराम सुटला, असं सगळे म्हणाले, आणि भय्यासाहेबांनाही ते मान्य आहे. त्या घरापुरतं.

"आणि अंबादासमामा?" सुमेधाने विचारलं.

भय्यासाहेबांनी पाय वर घेतले आणि शाल गुडघ्यांवर ओढली.

"सोमवारी त्याने मला त्या खोलीत नेलं. मशीन त्याने बंद केलं नव्हतं. हात लावायची हिंमत नव्हती म्हणे. मला म्हणाला, तुम्ही पाहा, मला वेड लागलं असेल तर सांगा. मी पाहिलं. माझ्या या डोळ्यांनी. हिशेब होता. पिंग बंद झालेली होती, त्यात खोट नव्हती. तिकडे हाक मारणारं काहीच चालू नव्हतं. शेवटची हाक अंबादासच्या तोंडची, 'ये'. आणि हिशेबाच्या खाली, जिथे माणसाने टाइप केल्याशिवाय अक्षर उमटत नाही तिथे, एक ओळ होती. एकच."

त्यांनी चष्मा काढून शालीला पुसला.

"रिप्लाय," भय्यासाहेब म्हणाले. "नंबर बळीरामच्या डब्याचा. आणि पुढे जिथे वेळ असतो... म्हणजे किती लांबून आली ते... तिथे 'एकाहून कमी' एवढंही अंतर नव्हतं. ती जागा रिकामी होती."